पान अकरा

"माझ्याकडं पान अकरा नाही," आबासाहेब म्हणाले.

मी हसले. खरं तर हसण्यासारखं काहीच नव्हतं, पण घाबरलं की मला आधी हसू येतं आणि मागाहून घाम. सरकारी विश्रामगृहाच्या लांब टेबलाभोवती पाच माणसं बसली होती. पाचांच्या हातात माझ्या अहवालाच्या पाच प्रती होत्या. आबासाहेब त्यांतले सगळ्यांत वयस्कर संचालक. बोटाला थुंकी लावून ते पानं उलटत होते. दहा, मग बारा. पुन्हा दहा, मग बारा.

"बांधताना राहिलं असेल," मी म्हणाले. "दुकानातच असणार. मी घेऊन येते."

"अहो, बसा. ह्यांच्यात बघतो की मी," असं म्हणून त्यांनी शेजारच्यांची प्रत ओढून घेतली. पण मला बसवेना. माझ्या कानात बारीक शिटी वाजायला लागली होती. त्या पानावर काय छापलंय ते त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

बारा वर्षं झाली याला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत कामाला होते. बँका, पतसंस्था, फायनान्स कंपन्या यांच्या संगणकांची कुलपं तपासायची, चोर कुठून शिरेल ते शोधायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचे, हे आमचं काम. चोरासारखा विचार करायचा पगार मिळतो म्हणून मी मैत्रिणींत मिरवायचे.

त्या वेळी आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो होतो. गावाचं नाव सांगत नाही आणि बँकांचंही नाही. गावात दोन बँका होत्या. एकीच्या दारावर जुनं मोठं घड्याळ होतं, तिला लोक घड्याळाची बँक म्हणत. दुसरी नवी, वरपासून खालपर्यंत निळ्या काचेची. ती काचेची बँक. पुण्याची एक मोठी बँक, जिचे संचालक त्या टेबलाभोवती बसले होते, या दोघींपैकी एकीला आपल्यात सामावून घेणार होती, माणसांसकट. दुसरीचं पुढे काय होईल यावर सगळे चहा पिऊन गप्प बसत. कोणती बँक घेतली तर चोर घरात येण्याची भीती कमी, एवढं आम्ही तुलना करून सांगायचं होतं.

मी तीन आठवडे दोन्हीकडे बसले. काचेच्या बँकेला एक्क्याऐंशी गुण दिले, घड्याळाच्या बँकेला त्रेचाळीस.

काचेच्या बँकेत सगळं झकास होतं. नवी यंत्रं, दारावर अंगठ्याचा ठसा, भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रं. काही अघटित घडलं तर ते नोंदवायची त्यांची वही संगणकात होती आणि तीन वर्षांत तिच्यात एकही नोंद नव्हती. शून्य घटना. त्या सदरात मी त्यांना दहापैकी दहा दिले.

घड्याळाच्या बँकेत संगणकांचं सगळं बघायचे ते एकटे हिप्परगे अण्णा. वय सत्तावन्न. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, कपाळावर भस्माची पुसट रेघ. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्यांची घटनांची वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, हातानं लिहिलेली. तिच्यात त्या वर्षाच्या सात नोंदी होत्या. मी त्या वाचल्या तेव्हा मला हसू आवरेना.

'१४ मार्च. जेवायला उठताना मशीन उघडं राहिलं. सात मिनिटं. चूक माझी. म. शि. हिप्परगे.'

'२ ऑगस्ट. जावयाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह बँकेच्या मशीनला लावला. फोटो दिसले नाहीत. चूक माझी.'

"अण्णा, हे तुम्ही कुणाला दाखवता?" मी विचारलं होतं.

"दाखवत नाही ओ, वाचतो. दर पहिल्या तारखेला, काउंटर उघडायच्या आधी. सगळ्या स्टाफला उभं करायचं आन् महिन्याच्या चुका मोठ्यानं वाचायच्या."

"पण सगळ्या तर तुमच्याच आहेत."

"दुसरं कोण लिवतंय?" अण्णा म्हणाले. "मीच सुरू केलं. वाटलं, माझं ऐकून एखादा तरी लिवंल. सहा वर्षं झाली."

सात घटना, त्याही हस्तलिखित. मी दहापैकी शून्य दिलं.

त्यांच्या मोठ्या संगणकाचा पासवर्ड मी दुसऱ्याच दिवशी ओळखला होता. टेबलाच्या काचेखाली त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची पत्रिका होती आणि भिंतीवर बँकेच्या जुन्या फोन नंबरची पाटी. बायकोचं नाव सुशीला, पुढे तो नंबर. तिसऱ्या फटक्यात कुलूप उघडलं. नऊ वर्षं तोच पासवर्ड. वर पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी बाहेरून आत यायचा एक रस्ता कायम उघडा ठेवलेला. म्हणजे पासवर्ड हातात असेल तर जगाच्या पाठीवर कुठूनही बसून बँकेत शिरता येत होतं.

पुराव्याशिवाय गुण कापायचे नाहीत, ही आमच्या कंपनीचे मालक बेंद्रे सर यांची शिस्त. म्हणून मी पुरावा दिला. पासवर्ड अक्षरन् अक्षर, आत शिरायचा रस्ता पायरीपायरीनं. ते पान अकरा.

आता ते दुकानात का गेलं ते सांगते. आदल्या दिवशी आबासाहेबांचा निरोप आला, पडद्यावरचं मला वाचता येत नाही, कागद पाहिजेत, स्पायरल लावून. दोन्ही बँकांत छापणं शक्य नव्हतं, एकीचं गुपित दुसरीच्या हाती लागलं असतं. विश्रामगृहात छपाईचं यंत्र नव्हतं. मग राहिलं स्टँडसमोरचं मस्के वहिनींचं झेरॉक्सचं दुकान. माझ्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लागत नसे, सुरक्षेसाठी कंपनीनं ती भोकं बंद करून ठेवली होती. वहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे हातभर अक्षरात त्यांचा मेलचा पत्ता रंगवला होता. मी माझा गोपनीय अहवाल त्या पत्त्यावर पाठवून दिला. साऱ्या जगाला अक्कल शिकवणारी मी, त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की दीडला बैठक आहे आणि पावणेबारा वाजलेत.

व्हरांड्यात बेंद्रे सर माझ्यामागे आले.

"काय झालं, सबनीस? चेहरा का असा?"

"काही नाही सर. एक पान राहिलंय."

"मग राहू दे ना. त्यांनी वाचलं दुसऱ्याचं."

"आलेच मी," म्हणून मी फाटकाबाहेर पडले. रिक्षा दिसेना तेव्हा चालत निघाले, मग धावायला लागले.

दुकानात चारपाच माणसं उभी होती. वहिनी आधार कार्डावर प्लॅस्टिक चढवत होत्या.

"वहिनी, सकाळी माझं काम केलं त्यातलं एक पान आलं नाही. पान अकरा."

"थांबा हं." त्यांनी डोळे बारीक केले. "मशीन अडकलं व्हतं न्हवं मध्येच? दोन पानं खेचून काढली मी. एक काळं झालेलं."

"आणि दुसरं?"

"ते बी तसंच असंल म्हनून टाकलं. त्यातलं दहावं परत मारलं. अकरावं ऱ्हायलं व्हय? द्या, आत्ता मारते. मेल हायच तुमचा."

मेल होताच. मी संगणकाकडे पाहिलं. एक माणूस वहिनींच्या खुर्चीवर बसून त्यांच्या मेलच्या यादीत स्वतःचा मेल शोधत होता. गावात सगळे असंच करत, आपला मेल आपण शोधायचा, आपण उघडायचा, छापून घ्यायचं. त्याच्या बोटाखालून सातबारे, मार्कशीट, लग्नाचे बायोडाटा सरकत होते. वरून सतराव्या ओळीत माझं नाव होतं. शेजारी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'दोन बँकांची तुलना, अत्यंत गोपनीय.' ते 'अत्यंत' मीच घातलं होतं.

"जरा उठता का?" माझा आवाज चिरका निघाला. त्यानं चमकून जागा दिली. मी मेल पुसला, पुसलेल्यांच्या डब्यातूनही पुसला, उतरवून ठेवलेली फाइल पुसली.

"पुसता कशाला, ताई?" वहिनी म्हणाल्या. "हितं कोन बघतंय?"

"टाकलेली पानं कुठे आहेत, वहिनी?"

"ती व्हय? ती बाळू नेतो की. एका बाजूनं कोरी असत्यात, वाया कशाला घालवायची?"

बाळू म्हणजे शेजारचा भजीवाला.

त्याच्या गाड्यावर कढई सणसणत होती. समोर माणसं कागदावर मिरची भजी घेऊन उभी होती. मी एकेकाच्या हाताकडे बघत होते. एक म्हातारा भजी खाऊन झाल्यावर कागदानं बोटं पुसत होता. मी त्याच्या हातातून तो कागद जवळजवळ हिसकावलाच. कुणाच्या तरी रक्ताच्या तपासणीचा अहवाल होता.

"काय पायजे, ताई?" बाळू म्हणाला.

"तुमचे कागद बघू दे."

"कागद? भजी नको?"

मी शंभराची नोट ठेवली आणि त्याचा अख्खा गठ्ठा मागितला. तो मला वेडी समजला असणार, पण नोट खरी होती. गाड्यामागे उकिडवी बसून मी एकेक पान उलटत गेले. एका पोरीचा दहावीचा नापासाचा निकाल. कुणाच्या घटस्फोटाचा अर्ज. कुणाची पगाराची चिठ्ठी, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र, नवऱ्याविरुद्ध पोलिसांत दिलेली तक्रार. साऱ्या गावाच्या घरातलं तिथे तेलात भिजायला रचून ठेवलं होतं. आणि मध्येच माझं, काळी रेघ ओढलेलं पान दहा. त्याच्या खाली अकरा नव्हतं.

म्हणजे गठ्ठ्यात ते आलं होतं. वरून उचलत गेला असेल तर दहाच्या आधीच ते गेलं होतं.

"आज कुणाला कुणाला बांधून दिली भजी?"

"आता काय सांगू? शे-दीडशे गिऱ्हाईक झालं की. मोठी ऑर्डर म्हनाल तर घड्याळाच्या बँकेत बारा प्लेट गेल्या, शुक्रवारच्या. काचेच्या बँकेतली दोघंतिघं येऊन खाऊन गेली. आन् ते पुन्याला जानारं एक टेंपोवालं पोरगं आलं व्हतं, त्यानं धा-पंधरा कागद बी मागून घेतलं."

"कागद? कशाला?"

"मला काय ठावं?"

मला तो टेंपोवाला दिसायला लागला. पुण्याला पोचलेला, दिव्याखाली पान धरून वाचणारा. काचेच्या बँकेतलं कुणीतरी तेलकट पान सरळ करून फोटो काढणारं. माझ्या कामात मी शंभर चोर कल्पनेनं रंगवले होते. त्या दुपारी त्यांतला प्रत्येक जण स्टँडवर उभा होता आणि प्रत्येकाच्या हातात कागद होता.

फोन वाजला. बेंद्रे सर.

"सबनीस, आहेस कुठे तू?"

मी सांगून टाकलं. मेल, दुकान, भजी, सगळं. सरांचा आवाज अगदी मऊ झाला. एवढा मऊ आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

"हे बघ. तू कुणाला काही बोललीस?"

"नाही अजून."

"बोलू नकोस. पान सापडलं तर फाडून टाक. नाही सापडलं तर ते कधी नव्हतंच. आबासाहेबांना नवं छापून देऊ."

"पण सर, कुणी आत शिरलं तर?"

"शिरलं तर पासवर्ड कुणाचा आहे? नऊ वर्षं कुणी बदलला नाही? आपल्याच अहवालात लिहिलंय ना ते. लोक हिप्परग्यांना विचारतील. आपल्याला कोण विचारणार आहे?"

"दोन महिन्यांनी रिटायर होतायत ते, सर."

"म्हणूनच म्हणतो, आपल्याला कोण विचारणार आहे?" सर म्हणाले. "तुझी नोकरी आहे, माझी कंपनी आहे. चल, ये लवकर. मी इथे किल्ला लढवतोय."

फोन ठेवल्यावर मी स्टँडच्या भिंतीला टेकून उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. मिनिटभर, पण वाटलं. कुणाला कळणार नाही, मला काही होणार नाही. आणि त्याच्या मागोमाग अण्णा डोळ्यांपुढे आले. पोलीस चौकीत बाकावर बसलेले, खिशाला दोन पेनं, समोरचा विचारतोय, 'पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाला माहीत होता?' आणि अण्णा खरंच आठवायचा प्रयत्न करतायत. तो माणूस 'चूक माझी' म्हणून सही करून मोकळा झाला असता, याची मला खातरी होती. त्याला तीच सवय होती.

मला अण्णांसमोर जायची भीती वाटत होती, नोकरीची वाटत होती, पण त्या सहीची सगळ्यांत जास्त वाटली. मी रस्ता ओलांडला आणि घड्याळाच्या बँकेकडे निघाले.

व्यवहाराची वेळ संपत आली होती. दारातल्या शिपायानं मला ओळखून आत सोडलं. बँकेत भज्यांचा वास भरून राहिला होता. काउंटरमागे सातआठ जण कागद पुढ्यात घेऊन उरलीसुरली भजी खात कामं उरकत होते आणि मी पुन्हा त्या कागदांकडे बघायला लागले. शेवटच्या टेबलावर अण्णा. त्यांच्यासमोर भजी नव्हती. त्यांच्यासमोर एकच कागद पसरून ठेवला होता, चारी कोपऱ्यांवर चार वजनं ठेवून. मधोमध तेलाचा मोठा डाग, आणि डागातून छापलेली अक्षरं आणखीच ठसठशीत दिसत होती.

"या मॅडम," अण्णा म्हणाले. "बसा."

मी बसले नाही.

"बायकोचं नाव भज्याच्या कागदावर बघितलं ओ आज. आधी वाटलं, कुणाच्या लग्नाची पत्रिका असंल. मग पुढचा नंबर वाचला." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "सुशीलाला सांगू नका. मारंल ती मला."

"अण्णा, मी..."

"थांबा. पहिलं काम पहिलं." त्यांनी मागे बोट दाखवलं. भिंतीलगत एक निळी वायर उपटून गुंडाळून ठेवली होती. "पुण्याची लाइन काढून टाकली. पासवर्ड बदलला. ह्या वेळी सुशीला न्हाई, कुणीच न्हाई, नुसती गिचमिड. पाठ करायला पाऊण तास लागला मला. आत कुणी येऊन गेलंय का तेबी बघितलं. न्हाई आलं."

मला रडू फुटलं. एवढ्या लोकांत, भज्यांच्या वासात, मी बँकेच्या मधोमध उभी राहून रडले. अण्णांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघायचं टाळून खणातून ती लाल वही काढली. पेनाचं टोपण काढलं. तारीख टाकून एक ओळ लिहिली.

"'पासवर्ड बदलला, लाइन बंद केली,' एवढं लिवलंय बगा," ते म्हणाले. "कारण लिवायचं ऱ्हायलंय. काय लिवू, मॅडम?"

मी वहीतल्या त्या ओळीकडे बघत राहिले.

"'नेहमीचा बदल' असं लिवू का? नऊ वर्षांत न्हाई केला, आज केला. कुणी विचारणार न्हाई." त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही एवढाच होता. "तुमचं वय काय, माझ्या लेकीएवढं. तुमची नोकरी जाईल. माझं काय, दोन महिने."

त्यांनी पेन कागदावर टेकवलंही. बाहेर घड्याळात तीनाचे ठोके पडले. मला एवढंच करायचं होतं, मान हलवायची. बेंद्रे सरांनी काही मिनिटांपूर्वी जे सांगितलं तेच अण्णा मला देऊ करत होते, फक्त धमकी म्हणून नाही, माया म्हणून. आणि तेव्हा मला काचेच्या बँकेची ती संगणकातली स्वच्छ वही आठवली. तीन वर्षं, एकही नोंद नाही, दहापैकी दहा. तिथेही अशीच एखादी दुपार झाली असेल. कुणीतरी कुणालातरी विचारलं असेल, काय लिहू? आणि कुणीतरी सांगितलं असेल, काही नको लिहूस. मी त्यांना गुण कशाचे दिले होते?

"पेन द्या," मी म्हणाले.

"विचार करा, मॅडम. पहिल्या तारखेला मी हे वाचणार. कमी-जास्त करून वाचत न्हाई मी."

"द्या, अण्णा."

मी लिहिलं, 'कारण: या बँकेचा पासवर्ड आणि आत शिरायचा रस्ता मी छापायला बाहेरच्या दुकानात पाठवला. छापलेलं पान रद्दीत गेलं. सव्वातीन तास ते माझ्या ताब्यात नव्हतं. चूक माझी. चित्रा सबनीस.'

अण्णांनी ते सावकाश वाचलं, वर फुंकर मारली.

"एक विचारू? ह्या वहीला किती गुण दिले तुम्ही?"

"शून्य," मी म्हणाले.

"सात नोंदींचं शून्य. आता आठ झाल्या. आणखी कापा," अण्णा म्हणाले आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

मी विश्रामगृहात परत गेले. बेंद्रे सर बिस्किटं खात किल्ला लढवत होते. मी उभ्याउभ्याच काय झालं ते पाचांना सांगितलं. नंतर म्हणाले की घटनांच्या सदराचे गुण मी चुकीचे दिलेत, ते फिरवून द्या, आणि काचेच्या बँकेत पुन्हा एकदा कुणालातरी पाठवा, मला नको, दुसऱ्या कुणाला. जिथे माणसं आहेत तिथे तीन वर्षं शून्य चुका होत नाहीत. दोन संचालक एकमेकांकडे बघून हसले. बेंद्रे सरांचा चेहरा मी पाहिला नाही. आबासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "ते भज्याचं पान मिळालं का मग?"

"मिळालं."

"मग करारावरची सही राहू द्या आजची," ते बाकीच्यांना म्हणाले. "तीन आठवडे थांबू."

माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली. त्या तीन आठवड्यांत काचेच्या बँकेत काय निघालं ते सांगायची मला मुभा नाही. पुण्याच्या बँकेनं घड्याळ घेतलं, एवढं गावात सगळ्यांना दिसलंच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी साडेदहाला, अण्णांचा फोन आला. मी घरी होते, नोकरी शोधत होते, लोक काय बोलत असतील या धास्तीनं रात्ररात्र जागत होते. ती नोंद मोठ्यानं वाचली जाणार हे मला ठाऊक होतं आणि घड्याळाकडे बघत मी नखं खात बसले होते.

"वाचली," अण्णा म्हणाले. "तुमच्या नावासकट."

"हसले का सगळे?"

"न्हाई. कुणी हललंबी न्हाई." फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. "मग कॅशचा आपला दिवटे हाय न्हवं, तो पुढं आला. रडत व्हता. म्हनला, 'अण्णा, माझीबी एक लिवा.' मागल्या महिन्यात त्याला एक फोन आलता, पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस बोलतोय म्हणून. ह्यानं आपला पासवर्ड त्याला सांगितला. मग कळलं की असा माणूसच न्हाई तिथं. भीतीनं महिनाभर कुणाला बोलला न्हाई."

मी टेंपोवाल्याला शोधत होते, भज्यांचे कागद हिसकावत होते, आणि खरा चोर त्याआधीच किल्ली घेऊन बसला होता. निळी वायर काढली नसती तर तो कधीही आत आला असता.

"काय केलंत मग?"

"काय करायचं? कुलपं बदलली, पोलिसांत कळवलं. आन् वहीत लिवलं. नववी नोंद. माझ्या हातची न्हाई, दिवट्याच्या हातची." मग म्हणाले, "सहा वर्षं मी एकटाच वाचत व्हतो, मॅडम."

पुढे मला दुसरी नोकरी मिळाली आणि आता माझं स्वतःचं छोटं कार्यालय आहे. काम तेच, बँका तपासायच्या, तुलना करायची, गुण द्यायचे. कुठेही गेले की यंत्रं, प्रमाणपत्रं, अंगठ्याचे ठसे नंतर बघते. आधी घटनांची वही मागते. परवाच एका मोठ्या फायनान्स कंपनीत गेले होते. तिथल्या साहेबांनी अभिमानानं वही समोर ठेवली, हसून म्हणाले, "बघा मॅडम, पाच वर्षांत एकही नोंद नाही."

मी हसले. आणि मागाहून मला घाम फुटला.